राफाएलची मॅडोना रंगवायला घेतोयस तर

पहिल्याच तैलचित्राला इटालियन चित्रकार राफाएलची ‘मॅडोना ऑफ द मेडो’ निवडलीस, छान केलंस. मेरी, येशूबाळ आणि छोटा योहान एका त्रिकोणात बसवलेत. तो त्रिकोण आधी कोळशाने आखून घे.

निळ्या झग्याला मात्र लगेच हात घालू नकोस. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी नुसती उजेड-सावली मांड. हा रंग लवकर वाळतो, त्यात आपल्या सोलापूरचं ऊन! वरच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत जा. उलटं झालं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे भेगा पडतात. माझ्या पहिल्या चित्रात बाळाच्या गालावरच भेग गेली, अजून हळहळ वाटते. तेल चित्रकारांसाठी शुद्ध केलेलंच घे, घाण्यावरचं नको.

मूळ चित्रात मेरीच्या गालावरची सावली नेमकी कुठे संपते ते सापडत नाही. तिथे रंग ओला असतानाच कोरडा मऊ ब्रश अगदी हलका फिरव, दाबू नकोस. यालाच वेळ दे, चार दिवस गेले तरी चालतील.

आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं, चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात बुडवून ठेव.