पैसे परत गेले, संशय राहिला

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गोदामातली नोंद तुझ्या हातून चुकली, महिनाअखेरीला स्टॉक जुळला नाही, आणि पगार कापला गेला तो त्या नव्या मुलाचा. तू गप्प बसलास. रात्री गुडघे टेकून रडलास, क्षमा मागितलीस. आता विचारतोस, देवाने क्षमा केली तर साहेबांना सांगायची काय गरज? कृपा पुरेशी नाही का?

पुरेशी आहे. तिच्याच जोरावर तुला साहेबांच्या केबिनमध्ये जाता येईल असं मला वाटतं. पण आधी माझं ऐक. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

१९८७ साली मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाचा खजिनदार होतो. हंगामाच्या सणाला लोक भोपळे, कणसं, ज्वारी, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. त्या लिलावातले ३४० रुपये मी घरी वापरले. अडचण होती, पगार झाला की ठेवू म्हटलं. पण पंचांनी हिशेब आधीच मागितला. बोली लिहून घ्यायला माझ्या शेजारी एक मुलगा बसला होता, गरीब घरचा. तोंडाने कुणी काही म्हटलं नाही, नजरा मात्र त्याच्याकडे वळल्या. आठवडाभराने ‘पैसे सापडले’ म्हणून मी ते भरले. देवापुढे कबुली दिली, हलका झालो, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारसही घेतला. तो मुलगा प्रभुभोजनाला यायचा थांबला, मग उपासनेलाही. पैसे परत गेले तरी त्याच्यावरचा संशय तिथेच राहिला होता, आणि तो उचलणं फक्त माझ्या हातात होतं. हे कळायला मला चार महिने लागले.

शेवटी पाळकसाहेबांकडे गेलो. ते रागावले नाहीत. बायबलमधला लूकचा १९ वा अध्याय उघडून मला मोठ्याने वाचायला लावला. जक्कय आपल्याला तोंडपाठ असतो म्हणून त्यातला क्रम आपण बघत नाही. उंबरावर बसलेल्या त्या जकातदाराला येशू हाक मारतो आणि म्हणतो, आज तुझ्या घरी उतरायचंय. हिशेब मागत नाही, अट घालत नाही. यरीहोचे लोक कुरकुरतात. आणि मग, कुणी न मागता, जक्कय उभा राहून सांगतो की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देईन. जुन्या करारातल्या गणनाच्या पुस्तकात कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असं आहे. म्हणजे तो नियमाच्या कितीतरी पुढे गेला. ज्याच्या घरी प्रभू आधीच आला होता, त्याला आता पैसे मुठीत धरून ठेवायची भीती उरली नव्हती.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त नंतर काही वर्षांनी सापडला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तारण, म्हणजे पापातून सुटका, कमवावं लागत नाही हे उमगल्यावर ही बाई स्वस्थ बसली का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अनाथ मुली आणल्या, केडगावला मुक्ती हा आश्रम उभा केला, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. कृपेवर विसंबलेलं माणूस इतकं राबतं, हे मला त्यांच्याकडे बघून पटलं.

आपल्या मंडळीत काही वाक्यं फार सहज निघतात. ‘सैतानाने भुलवलं.’ ‘मी अशक्त पात्र आहे.’ साक्षीत ती शोभतात. साहेबांपुढे यातलं एकही वापरू नकोस. ‘नोंद मी चुकीची केली, त्याची चूक नव्हती, त्याचा कापलेला पगार माझ्यातून द्या,’ एवढंच म्हण. फिलेमोनाच्या पत्रात पौलाने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की तुझा दास अनेसिम याचं देणं माझ्या नावावर मांड, मी फेडीन. तेही दुसऱ्याचं देणं. तुझं तर तुझंच आहे.

आणि उपास धरून स्वतःला शिक्षा करत बसू नकोस. तू लिहिलंस, तीन दिवस जेवलो नाही. त्याने त्या मुलाच्या हातात एक रुपया तरी गेला का?

त्याच्याशी वेगळं बोल, ऑफिसच्या बाहेर. तिथे रडू नकोस, नाहीतर तोच तुझी समजूत घालत बसेल. क्षमा माग, पण लगेच मिळावी असा आग्रह धरू नकोस. मी पंचांसमोर उभा राहून सगळं सांगितलं, खजिनदारी गेली, ती जायलाच हवी होती. मग त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. तो समोर बसला, पण बोलला नाही. आमच्या मंडळीत तो परत आला नाही. ते मला अजूनही दुखतं, आणि तरीही प्रभुभोजनाच्या मेजाशी जाताना माझे पाय अडत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, बाळ.

तुझी नोकरी राहील की जाईल, मला सांगता येत नाही. गेली तर सरळ आमच्याकडे ये, वरची खोली रिकामीच आहे.

सोमवारी साडेदहाला तू आत जाशील तेव्हा मी इथे प्रार्थनेत असेन. बाहेर आलास की फोन कर, काहीही झालेलं असो.

तुझा,
सर