फोन घरी किती वाजता येतो?

तुम्ही लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावच्या मुलांसाठी पुण्यातून दोन रविवार सकाळी ऑनलाइन मार्गदर्शन घेतलं. पहिल्या रविवारी साठजण आले, दुसऱ्या रविवारी सातच, आणि त्यांनीही एक प्रश्न विचारला नाही. मुलांना गरजच नाही की आपलंच काही चुकतंय, असं तुम्ही विचारताय.

गरज आहे, आणि फार आहे. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये आहे. गेली सहा वर्षं जांबोटी, कणकुंबी, नंदगडकडची मुलं आणि नोकरीसाठी बाहेर गेलेली आपली माणसं यांची गाठ घालून देतोय. बेळगावात राहणाऱ्या पोराला गल्लीतच कोणीतरी इंजिनिअर, कोणीतरी नर्स भेटते. कणकुंबीच्या पोराला ते माणूस फोनवरूनच मिळणार. म्हणून तुम्ही हे सोडू नका, फक्त रीत बदला.

आधी फोनची चौकशी करा. बहुतेक घरांत स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांचा. ते मच्छेला कारखान्यात असतील तर फोन रात्री आठला घरी येतो. गोव्याला कामाला असतील तर शनिवारी रात्री. रविवारी सकाळी अकराला मुलगा मोकळा असतो हा शहरातला हिशोब झाला. जुलैत भाताची लावणी चालू असली की अख्खं घर चिखलात असतं. त्यात पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात लाईट गेली की दोन-तीन दिवस येत नाही. व्हिडिओ कॉल तिथं टिकतच नाही. व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा आवाजी निरोप मात्र देवळाच्या कट्ट्यावर रेंज आली की उतरतो. मूल तो चारदा ऐकू शकतं, आणि घरच्यांच्याही कानावर पडतो. तो फायदा मला फार मोठा वाटतो.

आता प्रश्न का विचारत नाहीत ते सांगतो. कणकुंबीकडची एक मुलगी, मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे इथली दहावी झालेली, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या आपल्याच भागातल्या एका ताईंशी तिला जोडून दिलं. तीन आठवडे तिच्याकडून एकच उत्तर: "हो मॅडम." मी घरी गेलो तेव्हा म्हणाली, "काय विचारायचं तेच कळंना झालंय मामा." मग ताईंनी "काही शंका?" हे विचारणंच बंद केलं. आज शाळेत काय झालं, म्हशीचं रेडकू कसं आहे, असं बोलत राहिल्या. एका रात्री मुलीचा फोटो आला. फिजिक्सच्या पुस्तकाचं पान, एका इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलची रेघ, आणि खाली लिहिलेलं: "हे त्वरणच काय?"

त्वरण तिला दहावीत पाठ होतं. ॲक्सिलरेशन म्हणजे तेच, हे वर्गात कोणी सांगितलं नव्हतं, आणि ऐंशी मुलांत उठून विचारायची लाज वाटत होती. तिथून त्यांनी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे संवेग, उजवीकडे मोमेंटम. रोज पाच शब्द, ताईंच्या आवाजात उच्चारासकट. दिवाळीपर्यंत ती वही भरली. आज ती वही तिच्या गावातल्या तिसऱ्या मुलीकडे आहे.

म्हणून मी नेहमी म्हणतो, वीस वर्षं पुढं गेलेल्या साहेबापेक्षा तीन-चार वर्षं पुढं असलेली ताई किंवा दादा जास्त उपयोगी पडतात. त्यांना तो शब्द कुठं अडला होता ते अजून आठवतं. तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं त्या दादा-ताईंच्या पाठीशी राहावं.

दुसरी खरी गरज वेळेवर मिळणाऱ्या माहितीची. मागं एका मुलानं नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरताना केंद्र बेळगाव घेतलं आणि भाषा इंग्रजी. मराठीतली प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते, आणि तिच्यात इंग्रजी प्रश्नही शेजारी छापलेले असतात, हे त्याला नंतर कळलं. कोल्हापूरला तो आनंदानं गेला असता. अशा किती गोष्टी सांगू. केसीईटी या कर्नाटकातल्या प्रवेश परीक्षेच्या फॉर्ममध्ये जात-उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर घालावा लागतो, म्हणजे दाखले देणाऱ्या नाडकचेरीची फेरी आधीच झालेली हवी, आणि दाखल्यावरचं नाव मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी वर्गवारी आहे, तिचे दाखले वेगळे. दहावीनंतर उद्यमबागेतल्या जीटीटीसी या सरकारी प्रशिक्षण केंद्रात टूल अँड डाय मेकिंगचा (साचे बनवण्याचा) डिप्लोमा होतो, ३ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष कारखान्यात प्रशिक्षण. माझ्या शॉपमध्ये तिथली मुलं आहेत, हातानं पक्की. व्याख्यानात हे सगळं एकदम सांगितलं तर वाहून जातं. त्या मुलाला त्या महिन्यात लागणारी एकच गोष्ट त्या महिन्यात सांगायची.

पुण्यात बसून तुम्हाला कन्नड फॉर्म वाचता येणार नाहीत, त्यासाठी इथलं माणूस जोडून घ्या. आणि मुलाला कन्नड लिहा-वाचायला शिकायला सांगा. मी प्रत्येकाला सांगतो. त्यानं आपली मराठी कुठं जात नाही, आणि शॉप फ्लोअरवर सुपरवायझरशी बोलताना अडत नाही.

एका गोष्टीत मी कधीच सूट देत नाही. मूल अठराच्या आतलं असेल तर एकट्याशी बोलणं नाही. तिघांचाच गट: मूल, मार्गदर्शक आणि घरचं किंवा शाळेतलं एक मोठं माणूस. मुलींसाठी ताईच. रात्री नऊनंतर निरोप नाही, पैशाचा व्यवहार नाही. हे पहिल्याच दिवशी आई-वडिलांसमोर बोलून घेतलं की ते निर्धास्त होतात. एका घरी वडिलांनी तीन महिन्यांनी स्वतःच विचारलं, "धाकट्यासाठी पण कोण मिळेल काय?"

वार ठरवा आणि तो चुकवू नका. ऑफिसात रिलीज असो की घरी पाहुणे, गुरुवार म्हणजे गुरुवार, तीस सेकंद का होईना. दोन वार चुकले की मूल समजतं की साहेब कंटाळले, आणि तसं ते कधी बोलून दाखवत नाही.

दुसऱ्या रविवारी आलेल्या सातजणांची नावं तुमच्याकडे असतील. सातही अंगावर घेऊ नका, दोन घ्या. उरलेल्या पाचजणांची नावं आणि इयत्ता मला कळवा, मी माणसं बघतो. गणपतीला गावी येणार असालच. तेव्हा त्या दोघांच्या घरी जाऊन चहा घ्या, आणि फोन घरी किती वाजता येतो ते त्यांच्या आईला विचारून या.