‘तालीक लिहोन घेऊन असल परतोन दीजे’

वाईजवळच्या एका गावातून प्रश्न आला आहे. घरातला जुना मोडी कागद एका जाणकाराकडून वाचून घेतला. इनाम जमिनीचा कागद आहे, सन ‘तिसा खमसैन अलफ’. शेवटी एक ओळ आहे : ‘दर हर साल ताजा खुर्दखताचा उजूर न कीजे, तालीक लिहोन घेऊन असल परतोन दीजे’. यातले ‘तालीक’ म्हणजे काय? ‘तारीख’ चुकून तसे लिहिले का, की घराण्याच्या ‘तालमी’शी काही संबंध आहे? आणि ‘असल’ म्हणजे आपले ‘अस्सल’च ना? सोबत एक वाक्य असेही आहे : ‘आमचा कागद मात्र शंभर टक्के अस्सल आहे.’

शेवटच्या वाक्याकडे मागाहून येतो.

तालमीचा संबंध नाही. आमच्या सांगली-मिरजेकडे ‘ता’ म्हटले की पुढे तालीमच सुचते, ते सोडा. पण तालीम अरबीतल्या ‘इल्म’च्या कुळातली, म्हणजे शिकणे-शिकवणे. तालीक दुसऱ्या धातूतून येते, त्याचा अर्थ लटकणे, अडकवलेले असणे. एखाद्याला जोडून असलेला, त्याच्या आधाराने उभा राहिलेला मजकूर म्हणजे तालीक, अर्थात नक्कल. ‘तालुका’ही याच धातूचा, कुठल्या तरी मोठ्या ठाण्याला जोडलेला मुलूख. ‘नस्तालीक’ या फार्सी लिपीच्या नावातली तालीकही तीच. तालुका रोजच्या बोलण्यात राहिला, तालीक कागदातच राहून गेली.

‘असल’ म्हणजे मूळ, शब्दशः झाडाचे मूळसुद्धा. हिंदीत ज्याला ‘उसूल’ म्हणतात ते याचेच अनेकवचन. मूळ उच्चार ‘अस्ल’. अशी शेवटची जोडाक्षरे मराठी जिभेला पेलत नाहीत, म्हणून आपण मधले अक्षर दुप्पट करून मोकळे होतो : अक्ल - अक्कल, शक्ल - शक्कल, नक्ल - नक्कल, अस्ल - अस्सल. म्हणजे असल आणि अस्सल एकच. फक्त आज अस्सल म्हणजे चांगल्या प्रतीचे, भेसळ नसलेले : अस्सल हळद, अस्सल सातारी कंदी पेढा. कागदातल्या ‘असल’मध्ये प्रतीचा, गुणाचा काही प्रश्न नाही. नक्कल नव्हे ते असल, इतकेच.

आता ओळ उलगडू. फर्मान सुलतानाचे, त्याच्या खालचे सरदार-अधिकारी काढत ते खुर्दखत. ‘उजूर’ म्हणजे हरकत. गावच्या मोकदमाला, म्हणजे पाटलाला, आणि देशमुख-कारकुनांना हुकूम आहे, की दरवर्षी ‘नवे पत्र आणा, मग जमीन चालू देऊ’ अशी आडकाठी करू नका. (ही सवय तेव्हाही होती म्हणूनच लिहावे लागले. आज ‘तीन महिन्यांच्या आतला उतारा आणा’ म्हणतात.) या पत्राची नक्कल तुम्ही तुमच्याकडे लिहून घ्या आणि मूळ पत्र ज्याचे त्याला परत द्या.

पुढे पेशवाईच्या कागदांत हीच ओळ मराठी पेहरावात भेटते : ‘या पत्राची प्रती लिहून घेऊन हे पत्र भोगवटियासी परतोन देणे’. कीजे-दीजे जाऊन करणे-देणे आले, तालीक जाऊन प्रती आली. ‘भोगवटा’ मात्र सातबाऱ्यावर अजून आहे, भोगवटादार वर्ग 1, वर्ग 2. आणि मागल्या पिढीने सही-शिक्क्याने घेतलेल्या ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’मध्ये तर अस्सल नि नक्कल एकाच ओळीत नांदतात.

मला ही ओळ फार आवडते, कारण आपला इतिहास कुठे सापडला याचे उत्तर तिच्यातच आहे. दप्तरात राहायची ती नक्कल, मूळ जायचे घरी. सतराव्या शतकातली राज्यांची स्वतःची दप्तरे बहुतांशी राहिली नाहीत. पण ज्यांच्या नावाने पत्रे निघाली त्या देशमुख, देशपांडे, इनामदारांनी आपापले मूळ कागद जिवापाड जपले. इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, जमिनीच्या. म्हणून शोध घेणाऱ्यांना सरकारी दारापेक्षा वाड्यांची दारे जास्त ठोठवावी लागली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो वाईत मिळालेल्या कागदांवर. मिरजेच्या हायस्कुलात शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांची दप्तरे उपसत बसले, त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडांमागून खंड निघाले. नाना फडणिसांचे दप्तर होते मेणवलीला, तुमच्या वाईपासून कोसभरावर.

म्हणून इतिहासाच्या क्षेत्रात ‘अस्सल’ला एवढा मान. साताऱ्याच्या दरबारातले मल्हार रामराव चिटणीस शिवाजी महाराजांची बखर लिहायला बसले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, महाराजांना जाऊन सव्वाशे वर्षे उलटल्यावर. त्यांच्या चार पानांपेक्षा त्या काळातले एक अस्सल चिटोरे जड, हे खरेच. पण इथे आजचा अर्थ मध्ये घुसतो आणि घोळ होतो. अस्सल कागद म्हणजे खरे बोलणारा कागद, असे आपण धरून चालतो. तसे नाही. वतनाच्या भांडणात वादी आपला ‘करीना’, म्हणजे आपल्या बाजूची हकीकत, लिहून द्यायचा. तो करीना शाईपासून कागदापर्यंत अस्सल असतो आणि मजकूर एकतर्फी. उलट एखादी तालीक मूळ कागद कसरीने खाल्ल्यावरही तंतोतंत खरी सांगते. अस्सलपणा कागदाचा, खरेपणा मजकुराचा. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

आता ते शंभर टक्के. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वरच्या बाजूला, जिथे शाईचा शिक्का असायला हवा, तिथे एक वर्तुळ काढून आत ‘शिक्का’ असे अक्षरांत लिहिले आहे. शेवटी मोर्तबाच्या, म्हणजे मजकूर संपल्याच्या शिक्क्याच्या, जागीही तसेच. मूळ पत्रावर शिक्का उठवलेला असतो, त्याचे नाव लिहिलेले नसते. दुसरे, खिडकीशी धरून काढलेल्या फोटोत कागदाच्या आत पुसट इंग्रजी अक्षरे दिसतात. तो विलायती गिरणीच्या कागदाचा वॉटरमार्क. तिसा खमसैन अलफ म्हणजे अरबीत नऊ, पन्नास, हजार : सुहूर सन, ही त्या काळच्या कागदांतली कालगणना, 1059. त्यात 599 मिळवले की 1658, आणि पुढच्या जानेवारीपासून 600 मिळवायचे. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणजे हे 1658-59, प्रतापगडाच्या आदले साल. त्या साली वाई परगण्यात गिरणीचा कागद कुठला?

तेव्हा ज्या शब्दाचा अर्थ तुम्ही विचारलात, तीच वस्तू तुमच्या हातात आहे. ती तालीक आहे.

नाराज होऊ नका. 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, 1852 च्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनला बळ मिळाले आणि घरोघरच्या इनामदारांना पेट्या उघडून कागद दाखवावे लागले. त्या धांदलीत पुष्कळ नकला झाल्या. भाऊबंदांत वाटण्या झाल्या की मूळ कागद थोरल्या घराकडे आणि धाकट्यांकडे नक्कल, हाही रिवाज होता. तुमचे घर धाकट्या पातीचे आहे का, ते पाहा. असेल तर थोरल्या घरी, देवघराच्या माळ्यावर, पत्र्याची किंवा वेळूची नळी कुणी पाहिली आहे का हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. मूळ कागद गुंडाळून अशा नळीत ठेवत.

सापडली तर घाईने उलगडू नका, सेलोटेप लावू नका, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.