चौदा घरांची मंडळी : मावसदिरांचा हॉल घ्यावा का?

प्रश्न : आम्ही चौदा बॅप्टिस्ट ख्रिस्ती कुटुंबं चिंचवडच्या आसपास राहतो. मूळ मंडळी, म्हणजे आमचं चर्च, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोन बस बदलून म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना दर रविवारी नेणं जमत नाही, म्हणून वर्षभर आमच्याच फ्लॅटमध्ये संध्याकाळी जमतो. आता मिशन, म्हणजे मूळ मंडळीची शाखा, म्हणून नवी मंडळी सुरू करायची इच्छा आहे. दुबईला असलेले माझे मावसदीर हॉलचे सगळे पैसे द्यायला तयार आहेत. पण मूळ मंडळीतले काही वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, नाराज आहेत आणि सोसायटीत कुजबुज चालते. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक भगिनी, चिंचवड

उत्तर : ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मावसदिरांच्या हॉलपाशी अडखळले. म्हणून आधी त्याचंच सांगते. एवढ्यात घेऊ नका.

बावीस वर्षं मी एका मंडळीची खजिनदार होते. ती मंडळी एका भल्या गृहस्थांच्या गोदामात सुरू झाली. भाडं नाही, विजेचं बिल नाही, बाकंसुद्धा त्यांचीच. सहा वर्षं लोक अर्पणाच्या थैलीत पाच-दहा रुपये टाकत राहिले, कारण सगळं चालवणारा माणूस होता. पुढे पाळक (धर्मगुरू) निवडताना मतभेद झाले आणि एका रविवारी सकाळी गोदामाला नवं कुलूप दिसलं. साठ माणसं रस्त्यावर उभी होती. प्रभुभोजनाचे, म्हणजे उपासनेत द्राक्षरस घेण्याचे, छोटे पेले माझ्या पिशवीत होते, टॉवेलात गुंडाळलेले, आणि हात थरथरत असल्यामुळे ते एकमेकांवर वाजत होते. त्या गृहस्थांना मी आजही दोष देत नाही. सहा वर्षं त्यांच्या दारात पाहुण्यासारखे राहिलो, ही आमची चूक होती.

नंतर एका बाईंच्या अंगणात पत्र्याखाली उपासना सुरू झाली. त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला एक आजी अर्पणाच्या लिलावासाठी सहा गावठी अंडी घेऊन आल्या. पहिल्याने लिलावात घेतली आणि परत टेबलावर ठेवली, दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत ठेवली. तीच सहा अंडी चार वेळा विकली गेली आणि अठराशे रुपये जमले. आजी पदराने डोळे पुसत होत्या. मंडळी आपली आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मिझोराममधल्या बॅप्टिस्ट घरांत शंभराहून जास्त वर्षं एक रीत चालत आली आहे. प्रत्येक वेळी भात शिजवायला घेताना बाई एक मूठ तांदूळ वेगळ्या भांड्यात काढून ठेवते. ते तांदूळ मंडळीकडे जातात, विकले जातात आणि त्यातून सेवाकार्य चालतं. गरिबातल्या गरीब घरालाही मूठभर देता येतं, आणि दिवसातून दोनदा मंडळीची आठवण होते. तुमच्या चौदा घरांत हे आजपासून सुरू करता येईल. तांदूळच हवेत असं नाही, डबा मात्र स्वयंपाकघरात हवा. बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची सुरुवातही अशीच लहान होती. 2 ऑक्टोबर 1792 ला इंग्लंडमधल्या केटरिंग गावी, एका विधवाबाईंच्या घरातल्या मागच्या खोलीत काही माणसं जमली. कोण किती देणार ते चिठ्ठ्यांवर लिहून तपकिरीच्या डबीत टाकलं. बेरीज झाली 13 पौंड, 2 शिलिंग, 6 पेन्स. त्याच सोसायटीतर्फे विल्यम कॅरी बंगालमध्ये आले आणि 1805 मध्ये त्यांनी आपल्या मराठीचं व्याकरण छापलं.

मावसदिरांचे पैसे घ्यायचेच झाले, तर ते दोन-तीन वर्षांनी, आणि तेही इतरांच्या वर्गणीत मिसळलेले असावेत. त्यांचा पासपोर्ट कोणता आहे, हे आधी विचारा. ते भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असतील, तर तो परदेशी निधी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि नव्या संस्थेला ती सहज मिळत नाही. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. पुढे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून गेल्यामुळे वर्षानुवर्षं कज्जे चालल्याचं मी पाहिलं आहे. मिळकत विकायलाही आयुक्तांची परवानगी लागते. बँकेत दोन सह्यांचं खातं उघडा, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात.

आता वडिलांच्या नाराजीविषयी. चौदा घरं गेली की त्यांच्या अर्पणात खड्डा पडणार, ही त्यांची काळजी खरी आहे. पहिलं वर्षभर तुमच्या जमेचा ठरावीक हिस्सा मूळ मंडळीला द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते, पण मिशन स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत मूळ मंडळीच्या छत्राखाली असतं. पाळक कोण येणार, प्रभुभोजन महिन्यातून किती वेळा, सभासदत्वाची पत्रं मूळ मंडळीकडून नव्या मंडळीकडे केव्हा हलवायची, हे सगळं कागदावर लिहून घ्या. बाप्तिस्म्यासाठी त्यांचाच हौद वापरा. आपला बाप्तिस्मा बुडवून होतो, तो फ्लॅटमध्ये कसा जमणार? आणि बाप्तिस्म्यांची घाई करू नका. कॅरी 1793 मध्ये आले आणि कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा बंगालमधल्या श्रीरामपूरला हुगळी नदीत झाला तो 28 डिसेंबर 1800 ला. मधली सात वर्षं ते भाषा शिकत होते, मुलांना शिकवत होते आणि वाट पाहत होते.

शेजाऱ्यांकडे तुम्ही स्वतः जा, चहाच्या वेळी, एकेका घरी. किती वाजता जमतो, किती वाजता उठतो, काय गातो, सगळं सांगा. ढोलकी-पेटी चालेल, स्पीकर नको. चपला आपल्याच दारात आणि दुचाकी दुसऱ्याच्या जागेत लावायची नाही. कुजबुजीचं अर्धं कारण तिथेच असतं. अडीअडचणीत कुणालाही मदत करा, पण त्या मदतीच्या बदल्यात कुणी उपासनेला यावं अशी अपेक्षा मनातसुद्धा ठेवू नका. आमच्या अंगणातल्या पत्र्याला पहिल्या पावसात गळती लागली, तेव्हा शिडी घेऊन वर चढले ते शेजारचे वारकरी काका. आम्ही त्यांना बोलावलंही नव्हतं.

या रविवारी एक दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर चौदा घरांची नावं लिहा आणि प्रत्येकाने दरमहा काय जमेल ते स्वतःच्या हाताने लिहावं, पन्नास असोत की पाचशे. ती वही घेऊन वडिलांकडे जा. त्यांच्यातले जे सगळ्यात जास्त नाराज आहेत, त्यांनाच पहिल्या उपासनेची प्रार्थना करायची विनंती करा.