वजनकाट्यावरच्या मावशीचं पत्र

साखळी, गोवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तू दिसलास तेव्हा आधी मला बरंच वाटलं. पोरगं पुस्तक घेऊन बसलंय म्हटलं. मग लक्षात आलं, आज मंगळवार, सकाळचे साडेदहा वाजलेत आणि तुझ्या अंगात कंपनीचा शर्ट आहे. "आज सुटी, मावशी," म्हणालास आणि नजर खाली घातलीस. बाहेर पायरीवर बसून खरं काय ते सांगितलंस, ते फार बरं केलंस. नोकरी जाऊन २३ दिवस झाले म्हणालास.

मला बँकेत जायची घाई होती, म्हणून धड बोलता आलं नाही. फोनवर हे सगळं सांगून व्हायचं नाही, तू "हो मावशी, हो मावशी" म्हणून ठेवून देशील. म्हणून लिहिते आहे.

आधी डब्याचं बोलते. आई पहाटे पाचला उठून तुला डबा करून देते. वेर्ण्याच्या औषधांच्या कारखान्याची बस पकडल्यासारखा तू घराबाहेर पडतोस, पणजीत उतरतोस, दुपारी मांडवीच्या काठी बाकावर बसून डबा उघडतोस आणि कामाची पाळी संपायच्या वेळेला घरी परततोस. चपाती घशाखाली उतरत नाही, असं तूच म्हणालास. आज रात्री आईला सांग. उद्यावर टाकू नकोस. ती रडेल, दोन दिवस जेवणार नाही कदाचित, पण तिला बाहेरच्या कुणाकडून कळलं तर जे होईल त्यापेक्षा हे कितीतरी हलकं. आणि यात तुझाही स्वार्थ आहे. आपल्याकडे कामाच्या बऱ्याच बातम्या तोंडीच फिरतात, बसमध्ये, देवळात, भजनाला, बारशाला. नोकरी गेल्याचं तू लपवून ठेवलंस तर कुणाला विचारणार, आणि तुला कोण सांगणार?

लपवण्याबद्दल मी अधिकारानं बोलते, कारण मीही ते केलंय. २०१२च्या आधी मी खाणीवर वजनकाट्यावर होते, हे तुला माहीत आहे. रिकाम्या टिप्परचं वजन, भरलेल्याचं वजन, वजाबाकी, चिठ्ठी, सही. दिवसभर तेच. तुझे काका त्याच खाणीवर टिप्पर चालवायचे. म्हणजे घरातले दोन्ही पगार एकाच खड्ड्यातून यायचे, आणि तेव्हा त्यात काही धोका आहे असं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. १० सप्टेंबर २०१२ला राज्य सरकारनं खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, मधेच, १९ सप्टेंबरला होती.

त्या चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या रानफळांच्या छताचं, सामान आम्ही बाजारातून आणलं नाही. माझे सासरे मुलाला घेऊन रानात गेले आणि दुपारी भिजून परत आले. पिशवीत कांगलां ही रानफळं होती, कुणाच्या तरी कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, मागून आणलेले सुपारीचे दोन घड होते. सासऱ्यांनी ते सगळं एकट्यानं बांधलं, अगदी निगुतीनं, आणि मला म्हणाले, "यंदा बाजारापेक्षा ताजी झाली." शेजारणीला मी काय सांगितलं असेल? म्हटलं, सासऱ्यांना हौस आली रानात जायची.

आमचं खरं नुकसान मात्र पुढे झालं. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक दरवर्षीच बंद असायची. त्यामुळे काम नसलेले दिवस आम्हाला ओळखीचे होते. चवथ झाली की सुरू होईल म्हणालो, मग दसरा, मग दिवाळी. खाणपट्ट्यात सगळेच असं म्हणत होते. कुणी मूर्ख नव्हतं, पिढीभराची सवय होती. आठ महिने मी सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, बोलावणं येईल म्हणून बसून राहिले. बाहेर आंब्याखाली शेजाऱ्यांचा ट्रक उभा होता. त्याच्या हौद्यात पानं साचली, पानांची माती झाली आणि पुढच्या पावसात तिथे गवत उगवलं. ते गवत मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायची. तुझा साहेब जे म्हणालाय ना, "ऑर्डर परत आल्या की पहिला फोन तुलाच", त्याच्यावर माझा राग नाही, तो मनापासूनही म्हणाला असेल. पण त्या फोनसाठी एक दिवसही राखून ठेवू नकोस. आला तर आला.

ट्रकवाल्यांचं पुढे काय झालं, तेही तुला माहीत असावं. २१ एप्रिल २०१४ला न्यायालयानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. लोकांनी पुन्हा पैसे काढून ट्रक दुरुस्त केले, टायर घातले. ७ फेब्रुवारी २०१८ला खाणींच्या ८८ लीजांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यावर सगळं पुन्हा थांबलं. एकाच दगडाला दोनदा ठेच लागलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही.

माझं कसं फिरलं ते सांगते. २०१३च्या पावसाळ्यात ते शेजारी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. बँकेची नोटीस आली होती. पिशवीत कर्जाचं पासबुक, आरसी बुक, विम्याचे कागद, हप्त्यांच्या पावत्या, सगळं एकत्र कोंबलेलं. "बाय, तू काट्यावर होतीस, तुला आकडे कळतात, जरा बघ गे." मी ते कागद सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, जमिनीवर तारखेप्रमाणे मांडले. पंख्यानं उडू नयेत म्हणून सासऱ्यांचा अडकित्ता एकावर ठेवला, वाटी दुसऱ्यावर. दोन तासांत सापडलं की भरलेले तीन हप्ते बँकेच्या हिशेबात आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. त्या दिवशी मी आठ महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. पैसे एक रुपया मिळाला नव्हता. पुढे सरकारनं खाणपट्ट्यातल्या कर्जदारांसाठी सवलतीची योजना आणली तेव्हा अर्ज भरून घ्यायला माझ्या सोप्यावर माणसं येऊ लागली. मग एका दुकानदारानं वहीखातं दिलं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तोवर माझ्याकडे नऊ दुकानं होती. मी जीएसटी शिकून घेतला. आज जे करते ते त्या पिशवीतून निघालंय.

तू पायरीवर म्हणालास, "पगार गेला ते कळतं मावशी, पण मी कोण हेच कळेनासं झालंय." हे वाक्य मी घरी घेऊन आले. रात्री झोप लागली नाही. या प्रश्नाचं उत्तर मी तुला देऊ शकत नाही, आणि तू ग्रंथालयात एकटा बसून ते शोधू नकोस असं मला कळकळीनं सांगायचं आहे. रात्री तर मुळीच नको. मला ते बसून सापडलं नाही. कुणाच्या तरी कागदांत हात घातल्यावर मला माझी ओळख परत पटली.

आता व्यवहाराचं. तुझ्याकडून राजीनामा लिहून घेतला, हे मला आवडलेलं नाही. कंपनी काढत असेल तर काढल्याचं पत्र कंपनीनं द्यायचं असतं, त्यानं नुकसानभरपाईचा हक्क राहतो. तू सही केलीस, झालं. त्या सहीवरून स्वतःला खात बसू नकोस. तरीही त्या वेळी काय सांगून सही घेतली ते तारखेसकट लिहून ठेव आणि कामगार आयुक्तालयात जाऊन एकदा विचार. विचारायला पैसे पडत नाहीत. ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यानं बुडत नाही. पाच वर्षं सलग झाली की ती मिळते, तुझी सहा झाली. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुझी ही बेरीज १२,००० धरली तर ४१,५३८ रुपये होतात. लेखी अर्ज दे आणि पोच घे. ३० दिवसांत द्यायची असते.

पीएफ सगळा काढून मोकळा होऊ नकोस. यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा क्रमांक, तोच राहतो, पुढच्या नोकरीत खातं जोडता येतं. पेन्शनला १० वर्षं लागतात, तुझी सहा आहेत, ती वाया घालवू नकोस. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, ते आजच मोबाईलवर बघ. त्या एका रकान्यासाठी माणसं महिनोन् महिने अडकलेली मी पाहिली आहेत. तुझा पगार २१,०००च्या आत होता, म्हणजे तू ईएसआयसीत, कामगारांच्या सरकारी विम्यात, होतास. त्यांची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, तिच्यात सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळू शकते. तिच्या अटी आहेत, आणि मुदत वाढवत वाढवत चालवलेली योजना आहे, म्हणून सध्या चालू आहे का ते ऑफिसात जाऊनच विचार. आईबाबांच्या औषधपाण्यासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड चालू आहे ना, तेही पाहून घे.

सरकारी नोकरीचं तुझ्या मामानं सुचवलंय म्हणालास. परीक्षा दे, जरूर दे. कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात आली की फॉर्म भर, एम्प्लॉयमेंट कार्डाचं नूतनीकरण कर, १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढून ठेव. पण "अमक्याला इतके दिले की काम होतं" असं कुणी म्हटलं तर तिथून ऊठ. २०२४च्या शेवटी ती प्रकरणं एकामागून एक उघड झाली, अटका झाल्या, सगळ्या गोव्यानं वाचलं. माझ्या ओळखीतल्या एका घरानं मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे दिले होते. अजून ना नोकरी, ना पैसे. आईच्या बांगड्यांकडे बघूसुद्धा नकोस.

आणि तुझा तो बायोडेटा. 'पॅकिंग सुपरवायझर, सहा वर्षं', एवढंच? कोरा कागद घे आणि पाळीत तू खरोखर काय करायचास ते लिही. गेल्या शिगम्यात, होळीच्या सणात, तू मला सांगितलं होतंस, एका बॅचला बारा लेबलं हिशेबात कमी भरली आणि तू अख्खी लाईन थांबवलीस. साहेब ओरडला, तरी थांबवलीस. शेवटी ती कचऱ्याच्या पेटीच्या तळाशी चिकटलेली सापडली. किती लेबलं दिली, किती लागली, किती फाटली, किती उरली. अरे, हे माझ्या काट्यासारखंच आहे. ही सवय कंपनीनं दिलेल्या ओळखपत्रावर छापलेली नव्हती, आणि ओळखपत्र परत घेताना त्यांना ती काढून घेता आली नाही. औषधांच्या कारखान्यांत ती चालते तशी खाण्याच्या पदार्थांच्या कारखान्यात, इस्पितळाच्या औषधभांडारात, मालाच्या गोदामातही चालते. वेर्ण्याच्या पलीकडेही कुंडई, पिळर्ण, थिवी, होंडा, डिचोली इथे वसाहती आहेत. फाटकावर कागद देऊन येऊ नकोस, आत पॅकिंग कोण बघतो त्याचं नाव विचारून त्याला भेट. आठवड्यातून तीन दिवस हे. बाकीच्या दिवसांचं मी खाली सांगते.

सत्तरीच्या बाजूला माझी एक गिऱ्हाईक आहे, काजूचा छोटा कारखाना चालवते. बारा बायका बिया फोडतात, सोलतात, निवडतात. बाईंचा हात चोख आहे, काजूगर बघत राहावा असा. पण पाकिटांचा सगळा गोंधळ. कुठल्या दिवशी भाजलेला माल कुठल्या पाकिटात गेला, याची वहीच नाही. मागच्या महिन्यात छापून आणलेल्या पाकिटांवर खाद्यपदार्थांच्या परवान्याच्या १४ अंकांतला एक अंक चुकला आणि सगळा गठ्ठा फुकट गेला. म्हापशाच्या एका दुकानानं खवट निघाला म्हणून माल परत पाठवला, तर तो कधीचा हे बाईंना सांगता येईना. त्या दिवशी माझ्या सोप्यावर बसून त्या रडल्या. मी हिशेब लिहू शकते, पण बॅच कशी बांधायची ते मला येत नाही. तुला येतं.

त्या तुला वेर्ण्याइतका पगार देऊ शकणार नाहीत, हे आधीच सांगते. आठवड्याचे दोन दिवस, तीन महिने, आणि मी त्यांच्याशी बोलून मजुरी ठरवून घेईन. फुकट करू नकोस, त्यांनाही ते आवडणार नाही. आवडलं नाही तर सोड, मला राग येणार नाही. मी तुझं नाव त्यांना सांगितलेलं नाही. "माझ्या माहितीतला एक मुलगा आहे, लेबलं मोजणारा," एवढंच म्हटलंय. तर त्या म्हणाल्या, "लवकर पाठव गे."

सोमवारी सकाळी आठला साखळीच्या बसस्टँडवर ये, मी घेऊन जाते. कंपनीचा शर्ट घालू नकोस. एक लांब वही आण, दोनशे पानी, आणि पट्टी. डबा आणू नकोस. आईला सांग, दुपारी मावशीकडे जेवणार आहे.

तुझी,
मावशी