घरी कीटोन तपासायचं मशीन: कुणी घ्यावं, कुठलं घ्यावं, कुणी पैसे वाचवावेत

मुलगी नऊ वर्षांची, टाइप वन डायबेटिस, इन्सुलिनवर आहे. मेडिकलमध्ये युरीनच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात, पण दुसरी एक आई म्हणाली रक्तातलं कीटोन मीटरच घे. खरंच एवढा फरक आहे का? (एक आई, कोथरूड)

हो ताई, आहे, आणि तुमच्या मुलीसाठी मी रक्ताचंच मीटर घ्या म्हणेन. इन्सुलिन कमी पडलं की शरीर साखर वापरू शकत नाही, मग चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन तयार होतात, ते फार साठले की रक्त आम्लधर्मी होतं. त्यातला जो रक्तात सगळ्यात जास्त वाढतो तो बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, आणि युरीनची पट्टी नेमका तोच पकडत नाही, ती फक्त ॲसिटोॲसिटेटवर रंग बदलते. दुसरं म्हणजे लघवी मूत्राशयात दोन-तीन तास साठलेली असते, त्यामुळे पट्टी मघाचं सांगते, आत्ताचं नाही. आणि उलट्या होऊन कोरडी पडलेली पोरगी रात्री दोन वाजता लघवी करणार कुठून, हा प्रश्न तर प्रत्येक आईला पडतो. रक्ताच्या मीटरला बोटाचा एक थेंब लागतो आणि काही सेकंदात आकडा येतो.

आकडे (मिलिमोलमधले) फ्रिजवर लिहून ठेवा. 0.6 च्या खाली ठीक. 0.6 ते 1.5 म्हणजे पाणी पाजा, डॉक्टरांनी आजारपणासाठी जो जादाच्या इन्सुलिनचा प्लॅन दिलाय तो वापरा आणि दोन तासांत परत तपासा. 1.5 च्या वर गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन, रात्र आहे वगैरे बघायचं नाही. 3 किंवा जास्त म्हणजे थेट हॉस्पिटल. आणि कीटोन वाढलेत आणि मुलगी सारखी उलटी करतेय, पोटात दुखतंय म्हणतेय, श्वास जोरात आणि खोल चाललाय, तर आकडा 3 व्हायची वाट बघत बसू नका, निघा.

तपासायचं कधी? शुगर 250 च्या वर जाऊन खालीच येत नाही तेव्हा, ताप आला तेव्हा आणि उलटी झाली की शुगर कितीही असो. आणि कृपा करून, जेवत नाहीये म्हणून बेसल (जेवणाशी संबंध नसलेलं, रोजचं लांब टिकणारं) इन्सुलिन बंद करू नका, घरातली मोठी माणसं प्रेमापोटी हेच सुचवतात आणि मूल तिथूनच गंभीर होतं.

घेताना एकच मशीन शुगर आणि कीटोन दोन्ही मोजणारं बघा, फ्रीस्टाइल ऑप्टियम निओ, केअरसेन्स ड्युअल अशी मशिन्स आहेत, फक्त दोन्हीच्या पट्ट्या वेगळ्या असतात हे लक्षात ठेवा, शुगरची पट्टी घालून कीटोन कळत नाहीत. खर्च मशीनचा नाही, पट्ट्यांचा आहे. कीटोनची एक पट्टी शुगरच्या पट्टीपेक्षा कितीतरी महाग पडते, पण ती रोज लागत नाही. म्हणून मशीन ठरवायच्या आधी ज्या दुकानातून नेहमी औषधं घेता तिथे विचारा की याच्या कीटोन पट्ट्या तुम्ही कायम ठेवता का. नाही म्हणाले तर ते मशीन कितीही चांगलं असलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही. आत्ता परवडतच नसेल तर युरीनच्या पट्ट्या तरी घरात असूद्यात, काहीच नसण्यापेक्षा खूप बऱ्या, बाटलीवरच्या रंगतक्त्याप्रमाणे दोन प्लस (++) किंवा जास्त दिसलं की हॉस्पिटल गाठायचं.

वय 58, टाइप टू, फक्त मेटफॉर्मिन चालू. मुलाने ऑनलाइन श्वासातून कीटोन मोजायचं यंत्र मागवलंय, फुंकर मारायची फक्त, सुई नाही. वापरू का? (हडपसर)

काका, तुम्हाला कीटोन मोजायची रोजची गरजच नाही. श्वासाचं यंत्र ॲसिटोन मोजतं, कीटो डाएटवाल्या लोकांना आपण चरबी जाळतोय का हे बघायला ते बनवलंय, डायबेटिसमधला धोका ओळखायला त्यावर विसंबू नये. परत देता आलं तर द्या आणि त्या पैशात शुगरच्या पट्ट्या घ्या. पुढे कधी इन्सुलिन किंवा खाली लिहिलेल्या ग्रुपची गोळी सुरू झाली तर मात्र डॉक्टरांना परत विचारा.

आईला टाइप टू आहे, वर्षभर डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. नवरात्रात नऊ दिवस उपवास केला, सातव्या दिवशी मळमळ, उलट्या, खूप थकवा. शुगर 170 होती म्हणून आम्ही ॲसिडिटी समजलो, हॉस्पिटलमध्ये कीटोन 4 च्या वर निघाले. शुगर नॉर्मल असताना हे कसं? आता मशीन घ्यावं का? (सिंहगड रोड)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे प्रत्येक घरात कळायला हवं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे रक्तातली शुगर फारशी चढत नाही, पण उपवासात पोटात अन्न नाही, शरीरातलं इन्सुलिन खाली आलेलं, मग चरबी जळते आणि कीटोन वाढत जातात. ग्लुकोमीटर 170 दाखवून सगळ्यांना निर्धास्त करतो आणि आत रक्त आम्लधर्मी होत असतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, 2015 मध्येच याबद्दल इशारा दिला होता. आपल्याकडे 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली, हृदयाला आणि किडनीला तिचा फायदाही खरा आहे म्हणून ती खूप जणांना चालू असते, आणि पुष्कळदा मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे पेशंटला माहीतच नसतं की आपण ही घेतोय. आज घरातल्या गोळ्यांच्या स्ट्रिपची मागची बाजू वाचा, नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन आहे का बघा.

आईंना एकदा होऊन गेलंय, तेव्हा ही गोळी परत सुरू करायची की नाही हा निर्णय पूर्णपणे डॉक्टरांचा, घरात उरलेलं पाकीट बघून आपली आपण चालू करू नका. मशीन घ्याच, आणि रक्ताचंच. ज्यांना या गोळ्या चालू आहेत त्यांनी मोठा उपवास धरायच्या आधी, वारीला जायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. ताप, जुलाब, उलट्या असतील, खाणंपिणं बंद असेल तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी या तिन्ही गोळ्या साधारण तीन दिवस बंद ठेवतात, दाताच्या मोठ्या कामाआधीही सांगून ठेवा. आणि मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप यातलं काही झालं की शुगर किती का असेना, कीटोन बघायचे. देवीचा उपवास मी मोडायला सांगत नाहीये, पण इतक्या दिवसांचा कडक उपवास आता आईंनी करू नये असं मला मनापासून वाटतं.

भावाने परदेशातून कीटोन मीटर आणलं, आता त्याच्या पट्ट्या पुण्यात कुठेच मिळत नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या चालतील का? (औंध)

नाही. पट्टी आणि मशीन एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलसाठीचं लागतं, नाहीतर एरर येईल किंवा चुकीचा आकडा येईल, आणि चुकीचा आकडा जास्त वाईट. अजून एक बघा, आपण शुगर मिलिग्रॅममध्ये मोजतो, कीटोन मात्र मिलिमोलमध्ये येतात. त्यामुळे 1.8 हा आकडा बघून ‘केवढासा तर आहे’ असं वाटतं, तो केवढासा नाहीये. एखाद्या मशीनमध्ये कीटोनसुद्धा मिलिग्रॅममध्ये दाखवायची सेटिंग असते, तेव्हा साधारण दहाने भागायचं, म्हणजे 18 आलं तर ते 1.8 च्या आसपास. त्यापेक्षा सेटिंगच बदलून घ्या.

डीकेएच्या (डायबेटिसमध्ये कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होतं त्या आजाराच्या) उपचारानंतर घरी आलो. बरं वाटत होतं, रक्तातला आकडाही उतरला होता, तरी युरीनची पट्टी गडद जांभळी. घाबरून परत ॲडमिट व्हायला गेलो. का झालं असं? (पिंपरी)

बरं होताना बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटचं परत ॲसिटोॲसिटेट होतं, आणि पट्टीला तेच दिसतं. म्हणून माणूस सुधारत असताना पट्टी गडद राहू शकते. घाबरून गेलात त्यात काही वावगं नाही, शंका आली की जावंच. दोन्ही घरात असतील तर रक्ताच्या आकड्यावर चाला.

युरीन पट्टीची बाटली उघडून बरेच महिने झाले, तारीख अजून पुढची आहे. वापरू ना? (धायरी)

बाटलीवरची तारीख बंद बाटलीची. उघडल्यावर ती किती दिवस चालते ते लेबलवर वेगळं लिहिलेलं असतं, काही ब्रँडचं सहा महिने. आपल्या पावसाळ्यात तर झाकण नीट लागलं नाही की ओल धरून पट्ट्या खराब होतात, मग कीटोन असूनही रंग बदलत नाही. बाथरूममध्ये ठेवू नका, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका, आणि उघडल्या दिवशीची तारीख पेनाने बाटलीवर टाका. रंग लेबलवर लिहिलेल्या सेकंदांनीच वाचायचा, पाच मिनिटांनी परत येऊन बघितलेला धरू नका. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर पट्टी खोटं ‘निगेटिव्ह’ दाखवू शकते, आणि ब्लडप्रेशरची कॅप्टोप्रिल घेत असाल तर खोटं ‘पॉझिटिव्ह’. रक्ताच्या पट्ट्या बहुतेक एकेक वेगळ्या फॉइलमध्ये येतात, त्यामुळे क्वचित लागणाऱ्या माणसाला त्या परवडतात, फक्त पाकीट घेताना दुकानातच एक्सपायरी बघा, दोन महिने उरलेलं असेल तर दुसरं मागा.