‘स्टार ट्रेक’चा ‘द इनर लाइट’ हा भाग बघून लोक रडतात कसे? मला तर कंटाळा आला!

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी टीव्ही मालिकेतल्या या भागात ना लढाई, ना शत्रू, पाऊण तास एक माणूस कुठल्याशा गावात राहतो, बासरी शिकतो, म्हातारा होतो. मग लोक याला सगळ्या मालिकेतला सर्वोत्तम भाग का म्हणतात, आणि रडण्यासारखं त्यात आहे तरी काय?

उत्तर आधीच सांगून टाकते. गोष्टीचा नायक, अंतराळयानाचा कॅप्टन पिकार्ड, यानावर परत कधी जातो, याची तुम्ही सगळा वेळ वाट बघत होतात. तसं बघितलं तर हा भाग कंटाळवाणाच आहे. ज्यांना रडू येतं ते त्या गावात राहायला गेलेले असतात, त्यांना परत यायचंच नसतं. नाशिकला आमच्या घरी मी हा भाग बऱ्याच माणसांना धरून बसवून दाखवलाय आणि दर वेळी खोलीत हेच दोन तट पडलेत.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट. एंटरप्राइझ या यानाच्या वाटेत एक जुना प्रोब, म्हणजे माणसाविना सोडलेलं छोटं यान, येतो. त्यातून निघालेला किरण पिकार्डवर पडतो आणि तो जागच्या जागी कोसळतो. डोळे उघडतो तेव्हा तो कटान नावाच्या ग्रहावर, रेसिक नावाच्या गावात असतो. समोर एलीन नावाची बाई. ती म्हणते, मी तुझी बायको, तू कामिन, लोखंडाचं विणकाम करतोस, तापात पडला होतास. वर्षानुवर्षं तो मानत नाही. मग हळूहळू मानतो. मुलं होतात, मित्र मरतो, बायको मरते, नातू अंगणात खेळू लागतो. गावात दुष्काळ आहे आणि तो वाढतच जातो, कारण त्यांचा सूर्यच मरायला टेकलाय. शेवटी कळतं, की हे सगळं हजार वर्षांपूर्वी घडून गेलंय. त्या लोकांना स्वतःला वाचवता आलं नाही, म्हणून त्यांनी आपल्या आठवणी एका प्रोबमध्ये भरून आकाशात सोडल्या. यानावर तोवर वीस-पंचवीस मिनिटं झालेली असतात.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याची प्रतिक्रिया अगदी तुमच्यासारखी. ‘मामी, हे कधी उठणार?’ त्याने तीनतीनदा विचारलं. पुढे त्याने भौतिकशास्त्र काढलं. भागात सांगतात तसा सूर्यासारखा एकटा तारा नोव्हा होत नाही, म्हणजे स्फोटाने एकाएकी भडकत नाही; नोव्हाला श्वेत बटू (जळून संपलेला, आटलेला तारा) आणि त्याला वायू पुरवणारा जोडीदार तारा लागतो. आणि ज्यांना आत्ता कुठे छोटी रॉकेटं उडवता येतात, त्यांना दुसऱ्याच्या मेंदूत अख्खं आयुष्य भरणारं यंत्र कसं काय जमलं? दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि लेखकांकडेही असेल असं वाटत नाही.

खरी मजा आमच्या वहिनींनी आणली. त्या मनमाडच्या. मनमाडला नळाला पाणी किती दिवसांच्या अंतराने यायचं हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. यान, प्रोब, किरण यांत त्यांना काडीचा रस नव्हता. पण गावाच्या चौकात लोक जमतात आणि एका रोपट्याला पाणी घालतात, तो प्रसंग आला आणि त्या सरसावून बसल्या. ‘प्यायला नाही आणि झाडाला घालतायत?’ मग दोन मिनिटांनी, ‘नाही, घालतील. आमच्याकडे पण तुळशीचं चुकत नाही.’ त्यानंतर त्यांनी जी टीका केली तशी मी एकाही समीक्षकाकडून वाचली नाही. त्यांचं म्हणणं, हा दुष्काळ फार सभ्य आहे. पाणी नसलेल्या गावातली माणसं इतकी हळू आवाजात बोलत नाहीत. हंड्यांची रांग कुठाय? टँकर आल्यावरची झोंबाझोंबी कुठाय? कामिनच्या घरी पाण्याचं पिंप कुठे ठेवलंय? खरंच, त्या घरात साठवणीचं एक भांडं दिसेल तर शपथ. मी हा भाग इतक्या वेळा बघूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमचं बालपण गंगापूर धरणाच्या पाण्यावर गेलं, दुसरं काय.

सासरे, म्हणजे आमचे अण्णा, आयुष्यभर पाण्याच्या खात्यात होते. त्यांना भिडला तो एक छोटा प्रसंग, जो बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही. कामिन मातीचे नमुने तपासून, आकाश न्याहाळून प्रशासकाकडे जातो आणि सांगतो, की हा साधा दुष्काळ नाही. तेव्हा तो प्रशासक कबूल करतो, की वरच्या लोकांना हे आधीपासून ठाऊक आहे, पण लोक घाबरतील म्हणून सांगितलेलं नाही. अण्णांनी रिमोट घेतला, चित्र थांबवलं आणि आम्हाला गंगापूर, दारणा, जायकवाडी असा सगळा भूगोल ऐकवला. कमी पावसाच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली, की नाशिककर एका बाजूला आणि मराठवाडा दुसऱ्या बाजूला. ‘धरणात किती उरलंय ते आकडे हिवाळ्यातच सांगतात. गावाला कधी आणि कसं सांगायचं, नोकरी सगळी त्यातच असते.’ आणि नवल म्हणजे ते प्रशासकाच्या बाजूने होते. घाबरवून पाऊस पडतो का, असं त्यांचं म्हणणं. वहिनी उसळल्या, ‘आम्हाला आधी सांगितलं असतं तर लेकीला लांब तरी दिली असती!’ ग्रहच संपणार आहे, लांब म्हणजे कुठे देणार, हे त्यांना कोण सांगणार! २०१६ च्या उन्हाळ्यात गोदावरीचं रामकुंडसुद्धा कोरडं पडलं होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा वाद टीव्हीवरचा वाटला नाही.

आता रडण्याविषयी. रडू येतं ते चपलांपाशी. एलीन आल्यागेल्या कामिनला सांगत असते, की जोडे जागेवर ठेव. संसारातली नेहमीची कटकट. अनेक वर्षांनी ती अंथरुणाला खिळते आणि जाता जाता त्याला तेच सांगते. पल्लेदार वाक्य नाही, संगीताचा कल्लोळ नाही. आमच्याकडे या जागी पुरुष मंडळी खोकतात आणि बायका उघड डोळे पुसतात. यानावरच्या अधिकाऱ्याची वाट बघणाऱ्याला हे जोडे दिसतच नाहीत, कारण त्याच्या लेखी ही बाई खोटी आहे, यंत्राने दाखवलेली. तुम्हाला ती खोटी वाटली की खरी, एवढाच काय तो फरक.

शेजारचे काका भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि पोथ्या वाचतात. ते शेवटी एवढंच म्हणाले, ‘हा तर लवण राजा.’ योगवासिष्ठातली ती गोष्ट मला अर्धवटच ठाऊक होती. दरबारात एक गारुडी येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि राजा बसल्या जागी स्तब्ध होतो. तेवढ्या अवधीत तो रानात भरकटतो, समाजाने बाहेर टाकलेल्या कुळातल्या मुलीशी लग्न करतो, मुलंबाळं होतात, म्हातारा होतो. मग दुष्काळ पडतो, भुकेलेल्या पोरासाठी तो स्वतःला आगीत झोकून द्यायला निघतो आणि दरबारात जागा होतो. दुसऱ्या दिवशी शोधायला जातो तर ते गाव, ती माणसं खरोखर सापडतात, म्हातारी सासू रडत बसलेली. दुष्काळसुद्धा तोच! या भागाच्या लेखकांनी ती वाचली होती असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडच्या माणसाला हा भाग परका का वाटत नाही, त्याचं कारण इथे आहे. नारदाच्या मायेची गोष्ट कीर्तनात ऐकलेल्या आजीला ‘वीस मिनिटांत चाळीस वर्षं’ हे समजावून सांगावं लागत नाही. भाच्याला मात्र समजावावं लागतं.

अमेरिकेतल्या प्रेक्षकांचं म्हणाल, तर हा ‘स्टार ट्रेक’मधल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या पाचव्या पर्वातला शेवटून दुसरा भाग, जून १९९२ मध्ये दाखवलेला. १९९३ मध्ये त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. नाट्यविभागातला हा पुरस्कार १९६८ नंतर टीव्ही मालिकेच्या भागाला मिळालाच नव्हता, बहुतेक वेळा चित्रपटच नेत होते. त्याहून बोलकी गोष्ट त्या बासरीची. २००६ मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीने ‘स्टार ट्रेक’च्या सामानाचा लिलाव केला, तेव्हा या बासरीला हजारभर डॉलर येतील असा अंदाज होता. ती कमिशन धरून ४८,००० डॉलरला गेली. आणि ती वाजतसुद्धा नाही; चित्रीकरणासाठी केलेली नुसती वस्तू आहे. कामिनच्या मुलाचं काम करणारा तरुण हा पिकार्डचं काम करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टचा खराच मुलगा, डॅनियल. ते कळल्यावर बापलेकाचे प्रसंग पुन्हा बघावेसे वाटतात.

एका आक्षेपाला मात्र मी मान देते. हा प्रोब त्या माणसाला विचारत नाही. त्याच्या डोक्यात बायको, मुलं, शोक सगळं घालतो. यानावरचे लोक तो किरण तोडायला जातात तर त्याचा जीव जायची वेळ येते. आमची स्मृती जप म्हणायची ही कुठली रीत? माझी एक मैत्रीण या मुद्द्यावर इतकी चिडते, की तिला हा भाग हिंस्र वाटतो. दुसरा आक्षेप मालिकेच्या रचनेवर. चाळीस वर्षांचा संसार गमावलेला माणूस पुढच्याच भागात, सॅन फ्रान्सिस्कोच्या गुहेत डेटा या यानावरच्या यंत्रमानवाचं मुंडकं सापडलं म्हणून, ताजातवाना होऊन कामाला लागतो. सुतक नाही, रजा नाही. त्या काळी भाग कुठल्याही क्रमाने बघता यावेत अशीच मालिकांची पद्धत होती, हे खरं. तरी ते खटकतंच. प्रोबमधून त्याच्या हाती आलेली कामिनची बासरी पुढे १९९३ च्या ‘लेसन्स’ या भागात ठळकपणे येते. तिथे पिकार्ड यानावरच्या एका शास्त्रज्ञ बाईबरोबर ती वाजवतो आणि रेसिकबद्दल तिला सांगतो. तो भाग लगेच बघा, याची थोडी भरपाई होते.

तुम्हाला पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर एक युक्ती सांगते. आधीचे भाग बघायची गरज नाही, कोण कुठल्या हुद्द्यावर आहे तेही कळलं नाही तरी चालेल. फक्त यानावरचे प्रसंग आले, की पाणी प्यायला उठा किंवा चहा टाका. ते मुळातच लहान आहेत आणि दर वेळी डॉक्टर आणि बाकीचे त्याच त्या चिंतेत असतात. भाच्याने या सुट्टीत तसं करून पाहिलं. ‘बरा आहे,’ म्हणाला, ‘पण सर्वोत्तम बोर्गवालाच.’ (बोर्ग म्हणजे मालिकेतले अर्धे यंत्र झालेले शत्रू.) वहिनींना बोर्गवाला दाखवायचा बेत आहे, पण त्यात दुष्काळ नाही म्हटल्यावर त्यांनी अजून होकार दिलेला नाही.